दुपारी एक्सपोर्ट लावला की पीसी बंद, रात्री व्यवस्थित: उन्हाची चूक की विजेची? (नागपूर, कूलरची खोली)

खामला_एडिट

लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचा पीसी आहे. मे महिन्यात दुपारी १ ते ५ च्या दरम्यान एक्सपोर्ट सुरू असताना तो खटकन बंद पडतो. निळी स्क्रीन नाही, काही सूचना नाही, पंखे पण थांबतात. बटण दाबलं की लगेच सुरू होतो. हेच काम रात्री ११ नंतर लावलं की सकाळपर्यंत चालते. याशिवाय दुपारी एक्सपोर्टला रात्रीपेक्षा जवळपास सव्वापट वेळ लागून राहिला.

प्रोसेसर आय५-१२४००एफ, त्याच्यासोबत डब्यात आलेलाच कूलर. बी६६० बोर्ड, १६ जीबी रॅम, आरटीएक्स ३०६० बारा जीबीवाला, एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) ५५० वॅट ब्रॉन्झ, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी, २ टीबी हार्ड डिस्क. कॅबिनेटला समोर काच, मागे एक पंखा, समोर दोन. यूपीएस ६०० व्हीएचा, तीन वर्षं जुना.

खोली वरच्या मजल्यावर, स्लॅब सरळ उन्हात. खिडकीत लोखंडी कूलर, गवताच्या ताट्या. एसी लावता येत नाही. विचारायचं हे की:
१. प्रोसेसरवर मोठा टॉवर कूलर (उंच पात्यांचा, पंखेवाला) बसवला तर भागेल का, की लिक्विड (पंपानं द्रव फिरवणारा) घ्यावा लागेल?
२. पीसी खिडकीतल्या कूलरच्या हवेत ठेवला तर चालते का? दमट हवेनं बोर्ड खराब होते असं दुकानात सांगतात.
३. एसएमपीएस बदलावा का? बर्डीच्या दुकानात ७५० वॅटचा घ्या म्हणाले.

ऑरेंज_४४०

भाऊ, तुमची खोली वरच्या मजल्यावरची म्हणजे मेमध्ये ३८–४० डिग्री. पीसी कूलरच्या तोंडासमोर ठेवून द्या, साइडचं पॅनल काढून टाका. दहा-बारा डिग्री कमी होते. पैसे घालवायचं काम नाही.

सोल्डरगन

आधी काही विकत घेऊ नका. तुमच्या प्रश्नात दोन वेगळे आजार एकत्र झालेत असं दिसतं. एक्सपोर्ट हळू होणं हा उष्णतेचा, आणि खटकन बंद पडणं हा बहुतेक विजेचा. माझा संशय तुमच्याच एका वाक्यावरून आला: "बटण दाबलं की लगेच सुरू होतो."

१२४०० ची मर्यादा १०० डिग्री. तिथं पोचला की तो आपला वेग स्वतःच कमी करतो. ४ गिगाहर्ट्झवरून साडेतीन, तीन असा उतरतो आणि गरमी तिथंच धरून ठेवतो. म्हणून दुपारी एक्सपोर्ट लांबतो. या पिढीचा प्रोसेसर केवळ गरम झाला म्हणून बंद पडायला हिटसिंक (प्रोसेसरवरचा गरमी ओढणारा धातूचा ठोकळा) जवळजवळ सुटलेलाच असावा लागतो. आणि तसा बंद पडला तर पुन्हा सुरू केल्यावर बायोसमध्येच (विंडोजच्या आधीच्या सेटिंगच्या स्क्रीनवर) ८०–९० डिग्री दिसेल, मिनिटाभरात परत बंद पडेल. एसएमपीएस तापून त्याच्या आतल्या संरक्षणानं बंद झाला, तर तो थंड होईपर्यंत बटणाला दाद देत नाही, पाच-दहा मिनिटं थांबावं लागतं. लगेच सुरू होणारा पीसी म्हणजे वीज क्षणभर गेली आणि परत आली, ही शक्यता सगळ्यात मोठी.

पण अंदाजावर चालू नका, मोजा. हे करा:

एचडब्ल्यूइन्फो (तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) टाका, सुरू करताना "सेन्सर्स ओन्ली" निवडा. खालच्या लॉगिंगच्या बटणावरून सीएसव्ही फाइल सुरू करा, दर २ सेकंदाला नोंद. पीसी बंद पडला तरी त्याआधीच्या नोंदी फाइलमध्ये राहतात. शेवटच्या ओळीत प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी आणि बोर्डाच्या व्हीआरएमचं (प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागाचं) तापमान काय होतं ते पाहा.

सिनेबेंच आर२३ (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी चाचणी) दहा मिनिटं चालवा, एकदा सकाळी ७ ला आणि एकदा दुपारी ३ ला. दोन्ही वेळी खोलीचं तापमान साध्या थर्मामीटरवर लिहून ठेवा. तो कॅबिनेटच्या समोर, पंखा हवा ओढतो तिथं ठेवायचा, भिंतीवर नाही. महत्त्वाचा आकडा फरकाचा: प्रोसेसरचं तापमान वजा खोलीचं तापमान. तो दिवसभर जवळपास सारखाच राहतो. खोली ८ डिग्रीनं तापली की प्रोसेसरही साधारण ८ डिग्रीनं तापतो. फरक ठीक असेल तर दोष खोलीचा, फरकच जास्त असेल तर दोष प्रोसेसरवरच्या कूलरचा किंवा त्याखालच्या, उष्णता पोचवणाऱ्या पेस्टचा.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (नोंदवहीत) "कर्नल-पॉवर ४१" सापडेल. त्याचा अर्थ फक्त इतकाच की विंडोज नीट बंद झालं नव्हतं. तो आकडा पाहून एसएमपीएस बदलायला सांगणारे खूप भेटतात, त्यांचं ऐकू नका.

आणि यूपीएस. ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॅट. तुमच्या पीसीचा हिशोब करा: ३०६० कार्ड १७० वॅट, १२४०० सगळ्या कोअरवर ७५–८० वॅट, बोर्ड-रॅम-डिस्क-पंखे धरून ५०. झाले ३००. एसएमपीएसची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर भिंतीतून ३५० च्या वर, त्यात मॉनिटर २५. म्हणजे कार्ड आणि प्रोसेसर दोन्ही भरात असताना यूपीएस काठावर किंवा काठाच्या पलीकडे. लाइनवर असताना तो हे निभावून नेतो, बॅटरीवर गेला की ओव्हरलोड म्हणून सरळ बंद. बंद पडताना यूपीएसमधून टक असा आवाज येतो का, लाल दिवा लागतो का, हे कान-डोळे उघडे ठेवून पाहा.

वाळ्याची_ताटी

दुसऱ्या प्रश्नाबद्दल सविस्तर लिहिते, कारण त्यात गैरसमज फार आहेत.

दमट हवेनं बोर्ड खराब होतं हे अर्धं खरं. हिशोब असा: कूलर चालू असताना खोली ३२ डिग्री आणि आर्द्रता ७० टक्के धरली, तरी तीच हवा कॅबिनेटमध्ये ४० डिग्रीला तापली की तिची आर्द्रता ४५ टक्क्यांच्या आसपास येते. चालू पीसीच्या आत दव धरायला जागाच नाही. दव फक्त गार वस्तूवर धरतं, आणि पीसीमध्ये खोलीपेक्षा गार असं काहीच नसतं.

खरा शत्रू वाफ नाही, थेंब. ताट्यांवर पाणी जास्त पडत असेल, किंवा गवत जुनं होऊन त्यात भोकं पडली असतील, तर कूलरच्या पंख्याबरोबर बारीक तुषार खोलीत येतात. बोअरचं पाणी असेल तर त्यात क्षार भरपूर. थेंब वाळतो, क्षार बोर्डावर राहतो, त्यावर धूळ बसते, पुढं पावसाळ्यात ती धूळ ओल धरते आणि मग पिनांवर हिरवट गंज. कूलरसमोर ठेवलेल्या पीसीच्या पुढच्या जाळीवर पांढरी पूड दिसली तर समजा की हेच सुरू आहे. म्हणून ऑरेंज_४४० यांनी सांगितलेलं पॅनल काढून तोंडासमोर ठेवणं करू नका. उघड्या कॅबिनेटमध्ये समोरच्या पंख्यांनी ओढलेली हवा हार्ड डिस्क आणि कार्डावरून न जाता बाजूनंच निघून जाते, हा आणखी तोटा. पॅनल काढल्यावर तापमान १० डिग्रीनं खाली येत असेल तर त्याचा अर्थ समोरची काच हवा अडवते आहे. तिथं जाळीचा दर्शनी भाग बसवा किंवा काच दोन बोटं पुढं सरकवून स्पेसर लावा.

कूलर बरोबर वापरलात तर मात्र तो तुमचा मोठा आधार आहे, आणि नागपूरची मेमधली कोरडी हवा यासाठी फारच चांगली. बाहेर ४४ डिग्री आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर पाण्यानं हवा जास्तीत जास्त २३–२४ डिग्रीपर्यंत गार होऊ शकते. चांगल्या ताट्या असतील तर कूलरच्या तोंडाशी २७–२९ मिळते. मग खोली ३८ कशी? कारण आलेल्या हवेला बाहेर जायला वाट नसते. कूलर लावून दार-खिडक्या बंद केल्या की तीच ओली हवा फिरत राहते, ताट्यांमधून नवी कोरडी हवा ओढलीच जात नाही आणि खोली चिकचिकीत होते. कूलरच्या समोरच्या भिंतीतली खिडकी किंवा दार हातभर उघडं ठेवा, एक्झॉस्ट फॅन असेल तर सुरू करा.

पीसी ठेवायची जागा: कूलरपासून किमान ५–६ फूट, हवेच्या सरळ रेषेच्या थोडा बाजूला, जमिनीपासून अर्धा-पाऊण फूट उंच. कॅबिनेटचं तोंड गार हवेकडे आणि पाठ उघड्या खिडकीकडे, म्हणजे पीसीची गरम हवा थेट बाहेरच्या वाटेला लागते. पाठ भिंतीला चिकटवू नका, वीतभर जागा सोडा.

पाणी नळाचंच भरा, आणि टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करा. नुसतं वरून भरत राहिलं तर उडून गेलेल्या पाण्याचे क्षार टाकीतच साचत जातात. पंपाची नळी इतकीच उघडा की ताटी ओली राहील, धार लागणार नाही. गवत दर उन्हाळ्याला नवं घाला. मृग लागून हवा ओली झाली की पंप बंद करून नुसता पंखा चालवा. तेव्हा पाण्यानं गारवा येत नाही, फक्त ओल वाढते.

वायरमन_विदर्भ

खामला_एडिट भाऊ, दोन गोष्टी सांगा. कूलर आणि पीसी एकाच बोर्डावर आहेत का? आणि पीसी बंद पडते तो क्षण कूलर चालू केल्याचा किंवा त्याचा स्पीड बदलल्याचा राहते का?

लोखंडी कूलरची मोटर चालताना १५०–२०० वॅट घेते, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या तीन-चार पट करंट ओढते. वायर बारीक आहे म्हणून व्होल्टेज पडते असं लोकं सांगतात, ते बहुतेक वेळा खरं नाही. १ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरचा १० मीटरचा जाणारा-येणारा रोध जेमतेम ०.३६ ओहम. ५ अँपिअर ओढला तरी २ व्होल्टपेक्षा कमी पडते. जास्त पडत असेल तर कुठंतरी जोड सैल आहे: सॉकेटचा स्क्रू, सॉकेटच्या ढिल्या पत्त्या, नाही तर बोर्डातला न्यूट्रल.

मल्टीमीटर एसी ७५० वर ठेवा. हात कोरडे, पायात चप्पल, प्रोबच्या धातूला बोट लावायचं नाही. पीसी लोडवर असताना त्याच बोर्डाच्या मोकळ्या सॉकेटवर तीन मापं घ्या: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. मग दुसऱ्या माणसाला कूलर सुरू करायला सांगा आणि त्या क्षणी काय होते ते पाहा. न्यूट्रल-अर्थ २–३ व्होल्टच्या आत पाहिजे. कूलर सुरू होताना तो उसळत असेल तर न्यूट्रलचा जोड सैल.

आणि एक, हे टाळू नका. अर्थिंग नसेल तर पीसीच्या कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात. एसएमपीएसच्या फिल्टरमधले दोन कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलकडून बॉडीला जोडलेले असतात, अर्थ तुटला की बॉडीवर साधारण अर्धं, ११५ च्या आसपास व्होल्टेज येते. करंट अगदी थोडा असते, त्यानं जीव जात नाही. पण तोच अर्थ लोखंडी कूलरचा पण असते. तिथं मोटरचं इन्सुलेशन गेलं, ओली फरशी आणि उघडे पाय असले तर माणूस जातो. कूलरला तीन पिनांचाच प्लग, पाणी भरताना प्लग काढलेला, आणि मेनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). पीसीचं नंतर पाहू, हे पहिले करा.

खामला_एडिट

सगळ्यांचे आभार. मोजून आणलं.

सकाळी ७: खोली ३१, सिनेबेंचच्या शेवटी प्रोसेसर ८७, पॅकेज पॉवर ७८ वॅट.
दुपारी ३, खिडकी बंद: खोली ३९, प्रोसेसर ९५ ते १०० मध्ये, थर्मल थ्रॉटलिंगला (गरमीमुळे वेग कमी करणं) "येस", क्लॉक पडून राहिला.
दुपारी ३ (दुसऱ्या दिवशी), समोरची खिडकी उघडी, एक्झॉस्ट सुरू: खोली ३४, प्रोसेसर ९०, थ्रॉटलिंग नाही.

बंद पडला त्या वेळची लॉगची शेवटची ओळ: प्रोसेसर ८३, कार्ड ७६, एसएसडी ६१, व्हीआरएम ७२. यूपीएस टक झाला आणि लाल दिवा लागला होता.

वायरमन भाऊ, एकाच बोर्डावर आहेत, आणि हो, तीनपैकी तीनही वेळा कूलर हायवर केल्याबरोबर बंद पडला. दुपारी फेज-न्यूट्रल २०७, कूलर सुरू होताना क्षणभर १९३. न्यूट्रल-अर्थ ५, तो उसळून १७. सॉकेट हाताला गरम लागते. रात्री फेज-न्यूट्रल २३५.

वायरमन_विदर्भ

सापडलं. १२ व्होल्टची उसळी म्हणजे जोडात जवळपास ३ ओहम. कूलर आणि पीसी मिळून अडीच अँपिअर चालला तरी त्या एका जोडावर १८–२० वॅट जळून राहिले, म्हणून सॉकेट गरम. हे पीसीपेक्षा आगीचं दुखणं आहे, आजच वीज बंद करून उघडा. वायरचं टोक काळं पडलं असेल तर तेवढं कापून नवं सोला, पत्त्या ढिल्या झालेलं सॉकेट फेकून नवं बसवा, न्यूट्रलचे सगळे स्क्रू आवळा. इन्सुलेशन कडक होऊन तडकलं असेल तर तेवढी वायर बदला. कूलर दुसऱ्या सर्किटवर काढा.

रात्री का चालते याचं उत्तरही यातच आहे. रात्री लाइन २३५, कूलरनं १४ व्होल्ट पाडले तरी २२० राहते, यूपीएसला फरक पडत नाही. दुपारी २०७ वरून १९३, आणि सैल जोडात ठिणगी पडून मधेच क्षणभर तुटते पण. यूपीएस बॅटरीवर जाते, आणि पुढचं सोल्डरगन भाऊंनी सांगितलंच आहे.

सोल्डरगन

८३ डिग्रीवर बंद पडलेला पीसी गरमीनं पडलेला नाही, हे आता नक्की. यूपीएसची परीक्षा घ्या: सगळ्या फाइल सेव्ह करा, हार्ड डिस्कवर काही कॉपी चालू नाही हे पाहा, डेस्कटॉपवर नुसता बसलेला पीसी असताना यूपीएसचा प्लग काढा आणि किती मिनिटं टिकतो ते मोजा. मग सिनेबेंच आणि ग्राफिक्सचा एखादा टेस्ट एकत्र लावून पुन्हा काढा. पहिल्यात चार-पाच मिनिटं आणि दुसऱ्यात दोन सेकंद असं झालं, तर निकाल लागला.

बॅटरी १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची सीलबंद लेड-ॲसिड असणार. कागदावर ८४ वॅट-अवर, पण ३०० वॅटच्या ओढीत त्यातलं निम्मंही हाती लागत नाही. आणि ही बॅटरी उष्णतेनं मरते: २५ डिग्रीच्या वर दर १० डिग्रीला आयुष्य साधारण निम्मं. नागपुरात टेबलाखाली, पायाशी, पीसीच्या गरम हवेत ठेवलेल्या यूपीएसची बॅटरी तीन वर्षं टिकली हेच खूप. नुसती बॅटरी बदलून तुमचं भागणार नाही, कारण ३६० वॅटची मर्यादा तीच राहते. १००० ते ११०० व्हीएचा, निदान ६०० वॅट लिहिलेला यूपीएस घ्या. व्हीए मोठ्या अक्षरात छापतात, वॅट बारीक अक्षरात, वाचायचं ते वॅट. ब्रॉन्झ एसएमपीएसमध्ये बहुधा ॲक्टिव्ह पीएफसी (लाइनमधून करंट सुरळीत ओढणारं सर्किट) असतं आणि काहींचं स्वस्त यूपीएसच्या पायरीसारख्या लहरीशी पटत नाही, बॅटरीवर जाताना गुणगुणतात किंवा पडतात. म्हणून विकत घेताना परत करायची सोय ठेवा आणि पहिल्याच दिवशी लोडवर प्लग काढून पाहा.

७५० वॅटचा एसएमपीएस घ्यायची गरज नाही. भिंतीतून ३७० ओढणाऱ्या पीसीला ५५० पुरेसा आहे. पाहायचंच तर त्याच्या माहितीपत्रकात पूर्ण वॅट किती डिग्रीला दिलेत ते पाहा. ८० प्लसची (ब्रॉन्झ ही त्यातलीच श्रेणी) चाचणी २३ डिग्रीला होते, आपल्या खोलीत कॅबिनेटच्या आतच ४५ असतात. ४० किंवा ५० डिग्रीला पूर्ण वॅट देतो असं लिहिलेला आपल्याकडे चालतो, २५–३० लिहिलेला नाही.

आता प्रोसेसर. ३१ ला ८७, ३४ ला ९०, म्हणजे फरक ५६. ७८ वॅटला हा फरक मला जास्त वाटतो, डब्यातल्या कूलरला ४८–५० यायला हवा. टॉवर घेण्याआधी चारही पिना तपासा. या कूलरच्या प्लास्टिकच्या पिनांपैकी एखादी अर्धवट बसलेली असणं ही सगळ्यात जास्त सापडणारी चूक. मागचं पॅनल काढून बोर्डाच्या पाठीमागून पाहा: चारही ठिकाणी पांढऱ्या फाकांमधून काळी पिन बाहेर आलेली दिसली पाहिजे. नसेल तर कूलर काढा: पिनेच्या डोक्यावर बाण असतो, त्या दिशेनं पाव वळण देऊन वर ओढायचं. बसवताना सगळ्या पिना बाणाच्या उलट पूर्ण फिरवलेल्या हव्यात, मग समोरासमोरच्या तिरप्या जोडीनं दाबा. टक असा आवाज आलाच पाहिजे.

जुनी पेस्ट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कागदानं पुसा, प्रोसेसर आणि हिटसिंक दोन्हीवरची. नवी पेस्ट मधोमध हरभऱ्याच्या दाण्याएवढी. टॉवर बसवाल तर त्याचा तळ मोठा, तेव्हा चार कोपऱ्यांकडे मोहरीएवढे चार ठिपके आणखी. एमएक्स-४ सारखी कुठलीही साधी, वीज न वाहणारी पेस्ट चालेल.

ऑरेंज_४४०

पॅनल काढायचं मी मागे घेतो, थेंबांचं लक्षात आलं नव्हतं. पण लिक्विड कूलर का नको? ३९ डिग्रीत टॉवर किती करेल?

सोल्डरगन

लिक्विड असो की टॉवर, दोघंही खोलीच्या हवेतच उष्णता सोडतात. खोली ३९ असेल तर दोघांचाही पाया ३९. ७८ वॅटच्या चिपला १२० एमएम पंख्याचा चार हिटपाइपवाला साधा टॉवर फरक ३५ च्या आसपास आणतो, म्हणजे ३९ च्या खोलीत ७५ च्या आत-बाहेर. लिक्विड आणखी चार-पाच डिग्री कमी करेल, त्यासाठी दुप्पट पैसे आणि एक पंप जास्त, जो बंद पडू शकतो. २०० वॅट ओढणारा प्रोसेसर असता तर मी वेगळं बोललो असतो. टॉवर घेताना एलजीए१७०० चा (तुमच्या प्रोसेसरच्या सॉकेटचा) क्लॅम्प डब्यात आहे का ते विचारा, आणि कॅबिनेटची जागा मोजा: बरेच टॉवर १५०–१६० मिलिमीटर उंच असतात, अरुंद कॅबिनेटचं झाकण लागत नाही.

पैसे न घालता करण्यासारखं: बायोसमध्ये पीएल१ (प्रोसेसरची सलग वॅटची मर्यादा) ६५ वॅट करा. काही बी६६० बोर्ड ही मर्यादा आपणहून उघडी सोडतात. ७८ चे ६५ झाले की सात-आठ डिग्री जातात आणि एक्सपोर्टमध्ये फरक अगदी थोडा. आफ्टरबर्नरमध्ये (ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगचं सॉफ्टवेअर) ३०६० ची पॉवर लिमिट ८० टक्के करा, १७० चे १३६ वॅट होतात. खोलीतही तेवढी गरमी कमी सुटते आणि यूपीएसवरचा भार पण उतरतो. विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये प्रोसेसर ९९ टक्के करायचा सल्ला मिळेल. त्यानं बूस्ट पूर्ण बंद होऊन १२४०० सरळ २.५ गिगाहर्ट्झवर बसतो. अगदी अडलं तरच.

एसएसडी ६१ आहे, बहुतेकांची मर्यादा ७०. ती कार्डाच्या खालच्या स्लॉटमध्ये असेल तर वरच्या, हिटसिंकवाल्या स्लॉटमध्ये घ्या. हार्ड डिस्कचं तापमान तुम्ही दिलं नाही. ६० ही कागदावरची मर्यादा आहे, पण ग्राहकांचं एकमेव फुटेज त्यावर असेल तर ५० च्या वर मी राहू देणार नाही. समोरच्या पंख्याच्या बरोबर मागं बसवा.

वाळ्याची_ताटी

धुळीचं राहिलं. रस्त्याकाठच्या घरात उन्हाळ्यात दर तीन आठवड्यांनी समोरची जाळी धुवा. आतली धूळ ब्लोअरनं, पीसी बाहेर गच्चीत किंवा अंगणात नेऊन काढा. फुंकताना पंख्याच्या पात्यांना बोटानं धरून ठेवा. हवेनं भरधाव फिरलेला पंखा उलटी वीज बोर्डात सोडतो, शिवाय बेअरिंग जातात. व्हॅक्युम क्लीनरची नळी आत घालू नका, प्लास्टिकच्या तोंडावर स्थिर वीज जमते. कूलरच्या खोलीत धूळ ओली होऊन हिटसिंकच्या पात्यांमध्ये नमद्यासारखी बसते, ती फुंकून निघत नाही. हिटसिंक काढलाच आहे तर मऊ ब्रशनं पात्यांमधून काढून घ्या.

खामला_एडिट

झालेलं लिहितो.

सॉकेटमागचा न्यूट्रल खरंच काळा पडला होता, इन्सुलेशन वितळलेलं. वायर आणि सॉकेट बदललं, कूलर बाजूच्या खोलीच्या सर्किटवर टाकला. आता न्यूट्रल-अर्थ २ च्या आत, कूलर सुरू केला तरी हलत नाही. यूपीएसची परीक्षा: नुसता असताना साडेचार मिनिटं, लोडवर प्लग काढल्याबरोबर बंद. ११०० व्हीए, ६६० वॅटचा आणला, लोडवर प्लग काढला तर टिकला.

डाव्या बाजूची खालची पिन अर्धी वर होती. पेस्ट नवी, पीएल१ ६५. दुपारी ३, खिडकी उघडी, खोली ३४: प्रोसेसर ७६. हार्ड डिस्क ५२ होती, पंख्यामागं घेतल्यावर ४६. टॉवर सध्या घेत नाही. जुन्या यूपीएसचं काय करावं? राउटरला लावला तर?

वायरमन_विदर्भ

चालते. राउटर १०–१२ वॅटचा, नवी ७ अँपिअर-अवरची बॅटरी टाकली तर दोन-तीन तास निघते. पण यूपीएस स्वतःच चालायला थोडी वीज खाते, म्हणून नुसत्या राउटरसाठी १२ व्होल्टचा डीसी मिनी यूपीएस जास्त वेळ देईल. आधी राउटरच्या ॲडॉप्टरवर १२ व्होल्ट लिहिलंय की ९, ते पाहून घ्या. जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नका, बॅटरीच्या दुकानात नवी घेताना जुनी परत घेतात आणि थोडे पैसे पण कमी करतात.

आरसीसीबी लावला का ते नाही लिहिलं तुम्ही.

खामला_एडिट

रविवारी बसवतो आहे, ४० अँपिअर ३० मिलिअँपिअरचा. बसवल्यावर टेस्टचं बटण दाबून पाहीन.